सोयगावचं परस्थान

मला भ्या वाटलं की मी गप बसत नाही, भांडते. लग्नाला चाळीस वर्षं झाली, आमच्या मालकांना एवढं तरी कळायला पाहिजे होतं. मी भांडी आपटते, शेजारणीवर खेकसते, जळलेल्या कढईला शिव्या देते, अन् हे म्हणतात, आज सरू तापली. तापली नाही हो, भ्याली. पण सांगायचं कुणाला?

मालक म्हणजे सूर्यभान, वय चौसष्ट. मूळचे सोयगावकडचे, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातले. सासऱ्यांचा जन्म मेंढरांच्या वाडग्यात गेला. यांनी मात्र मेंढरं सोडली, शहरात आले, वाळूजला एका कंपनीच्या गेटवर राखणदार झाले. हडकोतून वाळूजला रोज सायकलनं जायचं अन् सायकलनं यायचं, पाऊस असो का ऊन. अख्खी नोकरी त्या एका काळ्या सायकलीवर काढली. लोकांनी मोटरसायकली घेतल्या, यांनी घेतली नाही. म्हणायचे, तिला पेट्रोल लागतं, हिला भाकर.

दोन वर्षांमागं जाधववाडीच्या मंडईत मेथीची जुडी निवडता निवडता खाली बसले ते उठलेच नाहीत. घाम असा, की अंगावर कुणी घागर ओतलीय. रिक्षावाल्यानं अन् मी मिळून उचलले. दवाखान्यात छातीच्या नळीत जाळी बसवली. डॉक्टर स्टेंट म्हणतात, आमच्या गल्लीत स्प्रिंग म्हणतात. माणूस वाचला, घरी आला. माझं काळीज मात्र तिथंच मंडईत राहिलं. दुपारी यांचा डोळा लागला की मी नाकाखाली बोट धरून बघायची. एकदा डोळे न उघडताच म्हणले, "जित्ता हाय. चहा टाक."

तेव्हापासून घरात यांना कुणी बादली उचलू देईना. पुण्याहून पोरगं आलं की बापाचा हात धरून जिना उतरवायचं. गल्लीतली माणसं यांना बघून मोठ्यानं बोलायची, जसं काही झटका छातीत नाही, कानात आला होता. मालक हसायचे. पण सायकलीला हात लावायचे नाहीत. ती जिन्याखाली धूळ खात उभी होती, अन् खरं सांगते, मला ते बरंच वाटायचं.

पोळा झाला अन् एका संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या म्हणले, औंदा भाऊबीजेला भागूकडं सायकलवर जाणार. भागूबाई यांची थोरली बहीण, सोयगावात दिलेली. लग्नाच्या आधी अन् नंतरही कैक वर्षं हे दर भाऊबीजेला तिच्याकडं सायकल मारीत जायचे. मग कंपनीत दिवाळीची पाळी लागायला लागली अन् ते बंद पडलं. मी भाकरी तव्यावर तशीच टाकून बाहेर आले. म्हणले, म्हातारपणी हे काय सोंग? सोयगाव काय इथं टीव्ही सेंटरच्या चौकात आहे? शंभराच्या वर किलोमीटर, मधी चौक्याचा घाट, पुढं अजिंठ्याचा, अन् सगळ्या रस्त्यानं ट्रका. मी लई बोलले. यांनी भाकरीचा करपलेला वास येईपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणले, "सरू, डॉक्टर म्हणतो मी बरा झालो. तू म्हणती बरा झालो. मला अजून तसं वाटलं नाय. भागूच्या दारात सायकलवरून उतरलो की मला वाटंल."

मी जाऊन करपलेली भाकरी कुत्र्याला घातली.

डॉक्टर तरी नाही म्हणेल अशी माझी आशा होती. त्यानं यांना फिरत्या पट्ट्यावर पळवलं, छातीला वायरी लावून. मी काचेबाहेर उभी राहून पदर चावत होते. पट्टा चढाला लागला तसे हे दम खात खात चालले, पण थांबले नाहीत. डॉक्टर बाहेर येऊन म्हणला, जाऊ द्या, पण हळूहळू सवय करा, थांबत थांबत जा, अन् जिभेखालची गोळी खिशात ठेवा. छातीत जरा जरी दुखलं तर उतरायचं. मी विचारलं, अन् उतरायच्या आधीच काही झालं तर? तो नुसता हसला. शिकलेली माणसं अशा वेळी हसतात, मला लई राग येतो.

मग सुरू झाली तयारी. आधी टीव्ही सेंटरपर्यंत, मग हर्सूल, मग सावंगी. पहाटं मी तिळाच्या तेलानं यांचे गुडघे चोळून द्यायची अन् चोळताना भांडायची. चौकातल्या पंक्चरवाल्यानं सायकलीला नवे ब्रेक टाकले, नवी सीट बसवली. हे ज्वारीची आंबील प्यायचे, भिंतीला पाठ लावून उठाबशा काढायचे, तंबाखूची डबी स्वतःच्या हातानं उकिरड्यावर टाकून आले. अन् संध्याकाळी एक वेगळंच. बाजेवर डोळे मिटून बसायचे अन् सगळा रस्ता मनात चालायचे. ओठ हलायचे. हर्सूल, सावंगी, चौका, फुलंब्री, आळंद, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा, घाट, फर्दापूर. सासरे मेंढरं घेऊन निघायच्या आधी असंच करायचे म्हणे. वाट आधी मनात चालावी, मग पाय भीत नाहीत. घाट आला की यांच्या कपाळावर आठी पडायची. मी समोर बसून मेथी निवडायची अन् बघायची, की ती आठी रोज जरा लांबच होतीया. भ्या काही कमी होईना, ना त्यांचं ना माझं. पण ते बोलायचे नाहीत अन् मला बोलायची सोय नव्हती.

सकाळी हे गेले की परत येईपर्यंत मी दारात. फोन लावावा वाटायचा. पण फोन वाजला अन् त्यांनी एक हात सोडला तर? म्हणून फोन हातात धरून बसायची, लावायची नाही. दूधवाला उशिरा आला तर त्याला झोडायची. रस्त्यानं ॲम्बुलन्सचा आवाज आला की तशीच अनवाणी चौकापर्यंत पळायची. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो आमच्या उंबऱ्यावरच बसलेला होता.

आता परस्थानाचं सांगते, कारण सगळं रामायण तिथून झालं. यांचं निघायचं ठरलं पाडव्याला, म्हणजे सिल्लोडला मुक्काम करून भाऊबीजेला सोयगाव. पाडवा आला बुधवारी. सोयगाव पडतं उत्तरंला, अन् बुधवारी उत्तरंला तोंड करून निघू नये, हे आमच्यात अगदी घट्ट पाळतात. मग करायचं काय, तर चांगला दिवस बघून आधीच परस्थान ठेवायचं. जाणाऱ्या माणसाच्या अंगावरचं एक फडकं, त्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधायचं, अन् ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजाऱ्याच्या घरात नेऊन ठेवायचं. झालं, माणूस निघाला. देह मागून जातो, निघण्याचा मुहूर्त मात्र साधला. ज्या दिवशी जायचं त्या दिवशी ते गाठोडं तिथून उचलायचं अन् तसंच पुढं जायचं. एकच नेम आहे. ते गाठोडं घरी माघारी आणायचं नाही. आणलं तर जाणं मोडलं. अन् माघारी आणल्यावरही जो गेला, तो परत येत नाही म्हणतात.

वसुबारसेला यांनी आपल्या पंच्याच्या टोकाचं फडकं फाडलं, मी तांदूळ घातले, अन् हे स्वतः जाऊन चतुराबाईच्या देव्हाऱ्याखाली ठेवून आले. चतुराबाई म्हणजे गल्लीच्या हर्सूलकडच्या टोकाची म्हातारी, सगळ्यांची आक्का. परत आले तेव्हा चेहरा कागदासारखा पांढरा. मी विचारलं तर म्हणले, ऊन लागलं. दिवस मावळल्यावर कसलं ऊन हो?

मला रात्रभर तेच दिसत राहिलं, की माझा माणूस निघून गेलाय अन् घरात नुसतं अंग पडलंय. दुसऱ्या दिवशी हे फुलंब्रीला सराव करायला गेले अन् मी सरळ उठून चतुराबाईकडं गेले. म्हणले, आक्का, मालकांचं जाणं लांबलं, गाठोडं द्या. तिनं माझ्याकडं बघितलं. मग देव्हाऱ्याखालून काढून दिलं, अन् हातात देताना सोडलं नाही. म्हणली, "सरूबाई, नेती तर ने. पण मंग त्याला उंबरा वलांडू देऊ नगं."

पदराखाली लपवून आणलं अन् गव्हाच्या कोठीत खाली दाबलं. माझा बेत साधा होता. हे परत आले की सांगायचं, परस्थान माघारी आलंय, आता जाता येणार नाही. हे शिव्या देतील, दोन दिवस जेवणार नाहीत, पण जातील असे नाहीत. परस्थान मोडून निघायची यांची छाती नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

पण हे फुलंब्रीहून आले ते हसतच आले. जाऊन-येऊन सगळं सायकलवर, चौक्याचा चढसुद्धा, एकदाही न उतरता. घामानं भिजलेले, अन् तोंडावर ते जुनं हसू, कंपनीत बोनस झाल्यावर असायचं तसलं. मला म्हणले, हात लाव, बघ छाती कशी चालली ती. मी हात लावला. धडधड चालली होती, पण घोड्यासारखी. गाठोड्याचं सांगायचं होतं. आज नको, उद्या सांगू असं मी मनाशी म्हणले.

उद्याचा दिवसही गेला. अन् आता माझी जी गत झाली ती वैऱ्याची होऊ नये. आधी एकच भ्या होतं, की हे गेले तर वाटेत काही होईल. आता दुसरं बसलं, की सांगितलं नाही अन् हे तसेच गेले तर नक्कीच होईल, अन् ते मी केलेलं असेल. सांगावं तर हे हसू जातं. न सांगावं तर माणूस जातो. करंज्या तळताना तेल अंगावर उडालं तरी कळेना. तोंड उघडायची अन् त्यातून भलतंच भांडण बाहेर पडायचं.

अन् यांच्यात एक बदल झाला. हे एकदम शांत झाले. संध्याकाळी डोळे मिटून बसायचं बंद. रात्री गाढ झोप, घोरणं चालू. नरकचतुर्दशीला चार लाडू खाल्ले. मी मनात म्हणले, याला म्हणतात मन तयार होणं. डॉक्टर म्हणला होता, शेवटचे दोन दिवस आराम करा, ते करतायत. यांचं भ्या गेलं अन् ते सगळं माझ्या पदरात पडलं, असं मला वाटलं.

पाडव्याला पहाटं उठून यांना तेल लावलं, आंघोळ घातली, पाटावर बसवलं अन् ओवाळायला ताट घेतलं. निरांजन लावलं. ज्योत इकडं तिकडं व्हायला लागली. यांच्या कपाळाला कुंकू लावलं अन् मला रडूच फुटलं. म्हणले, तुम्ही जाऊ नका, परस्थान मी माघारी आणलंय, कोठीत आहे, मला काय मारायचं ते मारा.

हे जागचे हलले नाहीत. खाली बघत म्हणले, "मला माहीत हाय. आक्कानं त्याच दिशी सांगितलं."

मला काही सुधरेना. म्हणले, मग तुम्ही बोलला का नाही? तर हे पाटावर बसल्या बसल्या लहान पोरासारखं बोलायला लागले. म्हणले, आक्कानं सांगितलं अन् मला राग यायला पाहिजे होता, तो आलाच नाही. अंगावरचं ओझं उतरलं. गाठोडं ठेवून आलो त्या रात्री घाटात गाडी मागून आली अन् मी खाली गेलो असं सपान पडलं होतं. सरावाला चौका चढलो, पण उतरताना डोळ्यांपुढं अंधारी आली, भ्यानं, छातीनं नाही. तुला हसून दाखवलं. अन् तू गाठोडं आणलंस म्हणजे जाणं मोडलं, माझ्या हातानं नाही, तुझ्या हातानं. चार दिवस झोप लागली बघ. आता भागूला फोन करून सांगतो, सरूनं जाऊ दिलं नाही. राहू दे ती सायकल जिन्याखाली.

मी ताट खाली ठेवलं. हे म्हणत होते त्यात राग नव्हता, काही नव्हतं. पाटावर एक म्हातारा बसलेला होता, अन् मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला म्हातारा म्हणून बघितलं. मला हेच पाहिजे होतं ना? माणूस घरात, जित्ता, पाटावर. तर ते बघून माझ्या अंगावर काटा आला. मंडईत ते खाली बसले होते तेव्हा आला होता, अगदी तसाच. हे आता असेच बसणार. जिना उतरताना पोराचा हात धरणार, मी नाकाखाली बोट धरणार, अन् एक दिवस बोटाला काही लागणार नाही, अन् तवर हे रोज सांगतील की सरूनं जाऊ दिलं नाही.

मग मी भांडले. आजवरची सगळी भांडणं एका बाजूला अन् हे एका बाजूला. म्हणले, माझ्या नावावर तुमचं भ्या खपवू नका. मी भ्याले ते माझं मी भ्याले. तुमचं तुम्ही घ्या. कोठीत हात घालून गाठोडं काढलं, गहू घरभर सांडले. पायात चपला घातल्या.

"मी म्होरं चालले. हे परस्थान आता शेजारी नाय, सिल्लोडला बसंल, माझ्यासंगं. यायचं तर या, नाय तर लाडू खात बसा."

असा काही नेम आहे का, माघारी आलेलं परस्थान घरच्या बाईनं पुढं नेलं तर चालतं का, मला माहीत नाही. मी कुणाला विचारलं नाही. हर्सूलच्या नाक्यावर उभी राहिले, सिल्लोडची एसटी आली, बसले. गाडी हलली तशी रागाची सगळी वाफ गेली अन् खाली नुसतं भ्या उरलं. खिडकीतून रस्ता बघत गेले. ट्रका, उसाचे ट्रॅक्टर, मोटरसायकलीवर तिघं तिघं. चौक्याच्या उतारावर आमच्या गाडीनं एका सायकलवाल्याला असं घासून मागं टाकलं की मी ड्रायव्हरला ओरडले. तो म्हणला, मावशी, गप बसा. गप बसले.

सिल्लोडच्या स्टँडबाहेर रस्त्याकडंला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. गाठोडं मांडीवर. फोन हातात. लावायचा नाही. हे निघाले असतील तर रस्त्यावर असतील, अन् हँडलचा हात सुटेल. निघाले नसतील तर मला ते ऐकायचं नव्हतं. ऊन डोक्यावर आलं, मग कललं. पाडव्याची नवी कापडं घालून लोक येत जात होते. प्रत्येक सायकल मला यांचीच दिसायची अन् प्रत्येक वेळी दुसराच कुणी असायचा. एकदा दोन पोलीस घाईनं फुलंब्रीच्या बाजूला गेले अन् मी गाठोडं पोटाशी आवळलं. मी देवाला म्हणले, नसू दे निघाले. मग म्हणले, नाही, निघाले असू दे. देवानं तरी काय ऐकायचं?

दिवस कलल्यावर एक काळी सायकल लई हळू आली. त्यावर टोपीवाला माणूस, दोन्ही हातांनी हँडल असं धरलेलं की जसं मेंढरू निसटून जाईल. माझ्यासमोर येऊन उतरले. सायकल भिंतीला लावली अन् पायरीवर माझ्याशेजारी बसले. ओठ पांढरे, डोळे लाल. मी मनगट धरलं. नाडी चालू होती. कपाळावरचं माझं कुंकू घामानं नाकापर्यंत उतरलं होतं.

मग हे म्हणले, "लई भ्या वाटलं सरू. समदा रस्ता भ्या वाटलं. पर घरात बसलो तर तिथं तू नव्हती. मंग माघारी तरी कुनाकडं जाऊ?"

मी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. रडले नाही.

त्या रात्री यांच्या कंपनीतल्या जुन्या सोबत्याकडं, कडूबाकडं, राहिलो. कडूबानं सकाळी सांगितलं, टेम्पो आहे, सायकल मागं टाकू, घाट उतरवून देतो, फर्दापूरपासून चालवा. मी यांच्याकडं बघितलं. मला हो म्हणायचं होतं, अन् माझं हो यांना दिसलं असणार. यांनी टोपी सारखी केली. मला म्हणले, तू म्होरं जा, मी सायकलवरच येतो. मी गाठोडं घेऊन पहिल्या गाडीनं फर्दापूरला उतरले.

घाट जिथं संपतो अन् रस्ता सरळ होतो तिथं एका झाडाखाली उभी राहिले, वर तोंड करून. वरनं ट्रका ब्रेक दाबत, किंचाळत खाली येत होत्या. प्रत्येक किंचाळीला मी डोळे मिटायची. यात भ्यायचं काही नाही असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं. भ्यायचंच होतं सगळं. यांची नळी, यांचे गुडघे, ते नवे ब्रेक, अन् दर वळणाला एक दरी.

लई उशिरानं वरच्या वळणावर हे दिसले. चालत येत होते. सायकल हातात, रस्त्याच्या अगदी आतल्या अंगानं, एक एक पाऊल जपून टाकत. घाबरलेला माणूस जसा चालतो तसंच. मला इतका आनंद झाला की मी हसलेच. भ्याला माझा बाप्या, शहाण्यासारखा भ्याला. तसंच चालत ये राजा, संध्याकाळ होऊ दे, भागूचा ओवाळणीचा मुहूर्त गेला तरी जाऊ दे.

शेवटच्या वळणावर आल्यावर यांनी मान वर केली अन् मला बघितलं. थांबले. मागं बघितलं, पुढं बघितलं. माझ्याकडं बघत बघत टांग टाकली अन् सीटवर बसले. पुढं सगळा उतार. सायकल सुटली. टोपी उडाली, पांढरे केस उभे राहिले, अन् हे ब्रेक न दाबता माझ्याकडं यायला लागले. ओरडायला तोंड उघडलं, उतरा म्हणायला हात वर गेला. तो हात मी खाली घेतला, तोंडावर पदर दाबला, मागं सरकले अन् त्यांना रस्ता मोकळा करून दिला.